सिगरेट सुटली की पोट का सुटतं?

इंदुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझे नेहमीचे शिंपी बसतात. सिगरेट सोडून चार महिने झाले तेव्हा मी तीन पँट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिली पँट उलटी केली, मागच्या शिवणीतलं जास्तीचं कापड बोटांनी चाचपलं, खडूने एक रेघ ओढली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "भाई साहब, बस इतना ही कपड़ा है. इसके बाद नई सिलवाना." दीड इंच. तेवढीच माझी शिल्लक होती.

सिगरेट सोडल्याबद्दल घरात कौतुक चालू होतं आणि इकडे कमरेचं बटण लागत नव्हतं. मी एकटाच नव्हतो. सुदामानगरात माझा मावसभाऊ राहतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने माझ्याआधी सोडली होती. अडीच महिने नीट गेले, मग काट्यावर चार किलो जास्त दिसले आणि गड्याने पुन्हा पाकीट आणलं. मी चिडलो तर म्हणाला, "अरे, डॉक्टर म्हणतात पोट कमी कर. सिगरेट सोडून पोट वाढवायचं हा कुठला हिशेब?" गंमत म्हणजे सिगरेट परत आली, पण चारातला एकच किलो गेला. तीन किलो तिथेच राहिले.

तेव्हापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलो. त्याचाच हिशेब मांडतो.

आधी भीती केवढी आणि खरं केवढं, ते बघू. २०१२ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात, सिगरेट सोडलेल्यांच्या वजनावर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. कुठल्याही औषधाशिवाय सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोच्या आसपास वाढलं. सरासरी म्हटली की सगळे एका पंगतीत बसतात, म्हणून पुढचे आकडे जास्त कामाचे. १०० पैकी सुमारे १६ जणांचं वजन वर्षाअखेर चक्क कमी झालं होतं. ३७ जणांचं वाढलं, पण ५ किलोच्या आत. ३४ जणांचं ५ ते १० किलो वाढलं आणि १३ जणांचं १० किलोच्या वर गेलं. म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त लोक पाच किलोच्या आतच राहिले. आपल्या नजरेत मात्र तो तेरांमधला एकजण भरतो, कारण लग्नकार्यात त्याच्याकडे बोट दाखवूनच लोक म्हणतात, "बघ, सोडली आणि कसा फुगला."

त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या तीन महिन्यांतच जवळपास २.९ किलो वाढतात. उरलेल्या नऊ महिन्यांत दोन किलोही नाहीत. सगळी धावपळ सुरुवातीची आहे.

आता हे का होतं? निकोटीन शरीरात दोन कामं करत असतं, आणि दोन्ही एकदम बंद पडतात.

पहिलं काम खर्चाचं. निकोटीनमुळे अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायनं सुटतात, नाडी जलद चालते, शरीराची भट्टी जरा जास्त पेटती राहते. १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सिगरेट ओढणाऱ्या माणसांना एका बंद खोलीत ठेवलं. एक दिवस २४ सिगरेटी दिल्या, एक दिवस एकही नाही, आणि दोन्ही दिवशी त्यांनी किती ऊर्जा खर्च केली ते मोजलं. ओढण्याच्या दिवशी खर्च सुमारे १० टक्के जास्त भरला. म्हणजे पाकीटभर ओढणाऱ्याचं शरीर दिवसाला साधारण २०० कॅलरी फुकट जाळत असतं. फुकट म्हणायचं एवढंच. हृदय बसल्या जागी जोरात पळवून काढलेली ती किंमत आहे.

दुसरं काम भुकेचं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. 'पोट भरलं, आता थांब' असं सांगणाऱ्या पेशींचा एक गट तिथे आहे. २०११ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की निकोटीन नेमक्या या पेशींना चेतवतं. जेवण पोटात गेलेलं नसतानाच ते मेंदूला सांगतं, की झालं जेवण. सकाळी चहा-सिगरेटवर निघून दीड वाजेपर्यंत भूक न लागणारे आपण सगळे पाहिलेत. मीही त्यातलाच. ती माझी ताकद नव्हती, कोणीतरी माझ्या वतीने खोटी सही करत होतं.

सही करणारा गेला की खरी भूक वर येते, आणि ती अशी खवळून येते की माणूस घाबरतो. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड हे बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत निवळतं. भूक मात्र त्यापेक्षा लांबते, दोन-अडीच महिनेही रेंगाळते. माझा मावसभाऊ नेमका तिथेच घसरला. भूक कायमची वाढली असं त्याला वाटलं, आणि ती ओसरायच्या बेतात असतानाच त्याने पाकीट फोडलं.

पण इंदुरात राहायचं तर सगळं मेंदूवर ढकलून चालत नाही. थोडं सेवेवरही, म्हणजे तळलेल्या शेवेवरही, ढकलावं लागतं.

वर्षाला ४.७ किलो म्हणजे किती खाणं, याचा ढोबळ हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. वाढलेलं सगळं वजन चरबीचं धरलं तरी रोजच्या साधारण १०० कॅलरी होतात. पहिल्या तीन महिन्यांपुरतं बघितलं तर रोजच्या २४० च्या आसपास. आता तळलेली सेव घ्या. १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या घरात कॅलरी. म्हणजे १०० कॅलरी ही जेमतेम १८-२० ग्रॅम सेव झाली. एक मूठ, तीही सैल. पोह्यांवर भुरभुरली, संध्याकाळी डब्यातून एक चिमूट, टीव्हीसमोर आणखी एक. तीन मुठी कधी गेल्या कळत नाही. पोह्यांना बिचाऱ्यांना उगाच बदनाम करू नका. आपल्याकडचे पोहे वाफेवर ठेवलेले, तेलाला कमी. वर पडते ती सेव आणि बाजूला बसते ती जिलबी, हिशेब तिथे चुकतो.

म्हणजे आवरायचंय ते एवढंसंच. दोन मुठी सेव, तीन चमचे साखर. एवढ्यासाठी कोणी उपास करू नये.

उपासाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण शहाणीसुरती माणसं इथे फसतात. सोमवारी सिगरेट बंद, सोमवारीच भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. दिसायला जबरदस्त निश्चय. पण पोट रिकामं असलं की मेंदूला बक्षिसाची ओढ वाढते, आणि त्याच्या ओळखीचं सगळ्यात झटपट बक्षीस म्हणजे सिगरेट. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे पुन्हापुन्हा दिसलंय, की उपाशी ठेवलं तर व्यसनी पदार्थाकडे धाव वाढते. माझं म्हणणं स्पष्ट आहे. पहिले तीन महिने वजन कमी करायच्या भानगडीत पडू नका. जास्त वाढू नये एवढंच बघा, दोन-तीन किलो वाढले तर वाढू द्या. नंतर उतरवायला अख्खं आयुष्य आहे. आधीच मधुमेह असेल किंवा वजन फार असेल तर आहाराचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पाठ केलेला सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

आता रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी. मला स्वतःला जास्त उपयोगी पडल्या त्या याच.

जेवणानंतरची सिगरेट म्हणजे जेवण संपल्याची खूण असते. हे मला सोडल्यावर कळलं. पूर्वी हात धुतला की मी जिन्याकडे. सोडल्यावर हात धुवून पुन्हा ताटासमोरच उभा. काहीतरी राहिलंय असं वाटायचं, मग अर्धी पोळी आणि गूळ-तूप, मग फ्रिज उघडून कालचा श्रीखंडाचा डबा. जेवण संपतच नव्हतं. त्यात जिभेला चव परत आलेली. सोडल्यानंतर काही दिवसांतच वास आणि चव तल्लख व्हायला लागतात. वरणाच्या फोडणीतला हिंग मला दिवाणखान्यात ओळखू यायला लागला तेव्हा मी बायकोला विचारलं, आज काही वेगळं केलंयस का? ती म्हणाली, वीस वर्षं हेच करतेय. मग मी खूण बदलली. जेवण झालं की लगेच ब्रश. बडीशेपवर वाद घालणारे आहेत, पण बडीशेप खाऊन माणूस फ्रिजपाशी जाऊ शकतो. टूथपेस्टच्या तोंडाला श्रीखंड नकोसं होतं.

दुसरी गोष्ट, गुमटी. पुण्याकडचे पाहुणे तिला टपरी म्हणतात, आमची ती गुमटी. माझी गुमटी घरापासून चारशे पावलांवर होती आणि मी दिवसातून तीनदा तिथे जायचो. हिशेब केला तर चोवीसशे पावलं. सिगरेट सुटली तशी ती चालही सुटली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. निकोटीन जाळायचं त्या कॅलरी गेल्या त्या गेल्याच, वर ही चालही गेली. मग रात्री जेवून ब्रश केला की उलट दिशेला, बागेकडे जायला लागलो. सिगरेटची तलफ एकेका वेळी तीन-पाच मिनिटंच जोर धरते, आणि दहा-पंधरा मिनिटं जरा झपझप चाललं की ती मंदावते. हे फक्त माझं सांगणं नाही, प्रयोगांतही दिसलेलं आहे. वजनासाठी चालणं आणि तलफेसाठी चालणं असं एका फेरीत दोन्ही साधतं.

तिसरी गोष्ट चहाची. ही फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर.

सिगरेटच्या धुरात काजळीसारखे जे पदार्थ असतात, त्यांच्यामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त काम करायला लागतं. चहा-कॉफीतल्या कॅफीनला फोडायचं काम हेच विकर करतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या अंगातून कॅफीन लवकर निघून जातं, आणि सहा कप चहा पिऊनही तो रात्री घोरतो. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत ते विकर सुस्तावतं. तेवढाच चहा प्यालात तरी रक्तातलं कॅफीन वाढत जातं, दुपटीपर्यंतही जाऊ शकतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही. माणूस म्हणतो, सिगरेट सोडल्यामुळे मला त्रास होतोय. थोडा होतही असतो, पण बराचसा चहा करत असतो. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक जास्त, आणि ती भूक गोडाकडे आणि तळणाकडे ओढते. शिवाय प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० कॅलरीच्या आसपास, आणि कपाबरोबर टोस्ट. सिगरेट सोडता त्याच आठवड्यात चहा निम्म्यावर आणा. कप लहान घ्या, संध्याकाळी पाचनंतर नको. मला वाटतं, वजनाच्या बाबतीत एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

हेच विकर काही औषधंही फोडतं. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही त्यातली. ती घेत असाल तर सिगरेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सांगावं.

निकोटीनच्या गोळ्या, म्हणजे चघळायचा गम, यांनी वजन वाढणं पुढे ढकललं जातं. गम चालू असेपर्यंत भुकेवर थोडा लगाम राहतो, बंद केल्यावर काही वजन भरून निघतं. तरीही मला ही चांगलीच सोय वाटते, कारण पहिले तीन महिने एकाच आघाडीवर लढता येतं. फक्त आपले लोक तो पानासारखा रवंथ करतात आणि रस गिळतात. मग उचकी लागते, पोटात जळजळतं आणि गम वाईट ठरतो. चार-सहा वेळा हळू चावायचा, जिभेला झणझण लागली की गालात सरकवून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शिरायला हवं, आणि तोंडात आंबटपणा असला की ते शिरत नाही. चहा, कॉफी, लिंबूपाणी यानंतर पंधरा मिनिटं गम लावू नका. तलफ आली म्हणून चहाबरोबर गम घेणारे आणि मग "काही होत नाही" म्हणणारे मी दोन तरी पाहिलेत.

सिगरेट सोडून तंबाखूच्या पुडीकडे वळणारेही आहेत, वजन वाढू नये म्हणून. निकोटीन तेच, तोंडाच्या कॅन्सरची धास्ती वर. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली, देशात सगळ्यात आधी गुटख्यावर बंदी आणली, ती उगाच नव्हे. यापुढे काही लिहायला नको.

एक न सांगायची गोष्ट सांगतो. सकाळी सिगरेटशिवाय पोट साफ होत नाही, हे खूप जणांचं दुखणं असतं. निकोटीन आतड्यांना चाळवत असतं, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. पोट जड, फुगलेलं, त्यात काट्यावर किलोभर जास्त. माणसाला वाटतं चरबी चढली. इसबगोल, पपई, भरपूर पाणी. पंधरा-वीस दिवसांत आतडी आपणहून कामाला लागतात.

आता मावसभावाचा प्रश्न. वजन वाढल्याने सिगरेट सोडल्याचा फायदा वाहून जातो का? २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या नर्सेस आणि आरोग्यक्षेत्रातल्या इतर लोकांची वर्षानुवर्षं ठेवलेली माहिती त्यात होती. सोडल्यानंतर ज्यांचं वजन वाढलं त्यांना काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त होता, पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त, मग उतरत गेला. हे लपवायचं कारण नाही. आपल्या घराघरांत मधुमेह आहे. पण मरण्याचा धोका बघितला तर १० किलोपेक्षा जास्त वाढलेल्यांचाही, ओढत राहणाऱ्यांच्या जवळपास निम्माच होता. दादाच्या हिशेबात हीच ओळ राहून गेली होती.

'सिगरेटने माणूस सडपातळ राहतो' ही समजूत तरी कुठून आली? शरीरात थोडं खरं आहेच, ते वर सांगितलं. बाकी जाहिरातवाल्यांनी फुगवलं. १९२८-२९ च्या सुमारास अमेरिकेत 'लकी स्ट्राइक' सिगरेटची जाहिरात निघाली, गोड खाण्याऐवजी लकी घ्या, अशी. रोख बायकांवर होता. गोळ्या-मिठाईवाले खवळून उठले होते. आणि सडपातळ म्हणावं तर तेही अर्धवट. सारख्याच वजनाच्या दोन माणसांत ओढणाऱ्याच्या कमरेचा घेर बऱ्याचदा जास्त भरतो, कारण सिगरेट चरबी हातापायांवरून काढून पोटात साठवायला मदत करते. म्हणून काट्यापेक्षा टेप जवळ ठेवा. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० सेंटिमीटर ही कमरेची सीमा धरावी, बेंबीच्या उंचीवर, श्वास न ओढता. आठवड्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर चढून कोणाचंही भलं झालेलं नाही.

सोडण्यासाठी कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. सिगरेटच्या पाकिटावरच छापलेली असते. भुकेचंही त्यांना विचारता येतं.

दादाने गेल्या गणपतीत पुन्हा सोडली. या वेळी वजनाचं नावही काढायचं नाही, असं त्याने आणि वहिनींनी आधीच ठरवलं होतं. चहा निम्मा, गम खिशात, सेवेचा डबा माळ्यावर. आठ दिवसांनी अनंत चतुर्दशी आली. इंदुरात ती रात्र म्हणजे मिलच्या झांक्या, कापडगिरण्यांच्या नावाने निघणारे सजवलेले देखावे. मिल बंद पडून जमाना झाला तरी झांक्या निघतातच आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. रात्रभर जागायचं आणि चारी बाजूंना धूर. मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो.

साडेअकराला तो गप्प झाला. ही लक्षणं मला ओळखीची. मी कोपऱ्यावरच्या शेगडीवाल्याकडून त्याला भुट्टा घेऊन दिला, लिंबू-मीठ चोळून. त्याने तो उभा धरला आणि अंगठ्याने एकेक दाणा काढून खायला लागला. लहानपणापासून तो तसाच खातो, एक ओळ संपल्याशिवाय दुसरी सुरू करत नाही. पंधरा मिनिटं दोन्ही हात आणि तोंड कामात. झांकी पुढे गेली, दुसरी आली. दाणे संपल्यावर त्याने रिकामं कणीस दोन बोटांत धरलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि मग माझ्याकडे बघून हसला.

"आणखी एक घे रे," तो म्हणाला. "याला मीठ कमी लाव म्हणावं."